सात ग्रॅम

डबा दोनदा तोलतात. एकदा रिकामा, झाकणासकट, पेशंटच्या हातात देण्याआधी. आणि तीन दिवसांनी भरून परत आला की पुन्हा. रिकाम्या डब्याचं वजन ताई काळ्या मार्करनं झाकणावरही लिहितात आणि बुडाशीही. बर्फाच्या पाण्यानं एका जागचा आकडा पुसला तरी दुसरा राहावा. पूर्वी एका बाईंच्या डब्यावरचा आकडा असाच पुसला गेला आणि त्यांना तीन दिवसांचं सगळं पहिल्यापासून करावं लागलं. "त्या बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. नवा डबा घेतला आणि गेल्या," ताई म्हणाल्या. "तेव्हापासून मी दोन ठिकाणी लिहिते."

डब्यात तीन दिवसांचं शौच असतं. सगळं. थोडं जरी राहून गेलं तरी हिशेब चुकतो. त्यातली चरबी काढून मोजायची, तिनानं भागायचं आणि दिवसाचा आकडा रजिस्टरात लिहायचा, असं हे काम. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात, मागच्या जिन्याशेजारच्या खोलीत, ताई ते सत्तावीस वर्षं करताहेत. नाव छापू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. विभागात लॅबचं काम शिकायला आलेली मुलं त्यांना मॅडम म्हणतात, डबे उचलणारे मामा ताई म्हणतात. मीही ताईच म्हणू लागले.

मी तिथं पोचले ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती त्रेचाळीस वर्षांची आहे. दोन बाळंतपणांनंतर वाढलेलं वजन उतरत नाही याचा तिला खरोखर त्रास होतो, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून भीतीही वाटते. जिममध्ये तिला कुणीतरी सांगितलं की जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी घेतली की ते चरबीला बांधतं आणि बाहेर टाकतं. नाश्त्याला एक, दुपारी एक, रात्री एक; प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम. दिवसाला १५००. चार महिने तिनं हे नेमानं केलं. वजन होतं तिथंच राहिलं, बद्धकोष्ठ मात्र मागं लागलं. तरी म्हणाली, "बाहेर टाकतं म्हणजे टाकतंच गं, शास्त्र आहे त्यात."

ते वाक्य डोक्यातून जाईना. बाहेर टाकतं, तर बाहेर पडलेली ती चरबी कुणी पाहिली आहे? कुणी तोलली आहे? डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "शास्त्र आहे त्यात, खोटं नाही. आणि तोलणारं माणूस बघायचं असेल तर आमच्याकडं आहे. वासाची तयारी ठेवून ये."

वासाबद्दल आधी सांगून टाकते, कारण तोच घरापर्यंत माझ्याबरोबर आला. डबा उघडताना जो येतो तो सगळ्यांच्या ओळखीचा, त्याची पाच मिनिटांत सवय होते. नंतरचा वास वेगळा. नमुना अल्कलीत उकळून, त्यात ॲसिड ओतून, वर पेट्रोलियम ईथर घालून फ्लास्क हलवला आणि बूच उघडलं, की खवट तुपाचा आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा मिळून एक वास येतो. त्यात घाण अशी काही नसते. ती निव्वळ चरबी असते, कुणीतरी खाल्लेली, कुणाच्या तरी अंगाला न लागलेली. त्या आठवड्यात घरी लोणी कढवलं, बेरी खाली बसली, आणि पातेल्यावर वाकल्यावर मला ताईंची खोली आठवली. अजूनही आठवते.

बाकी कृती सरळ आहे. डब्यातला ऐवज पाणी घालून एकजीव करतात, त्यातला पाचेक ग्रॅम तोलून घेतात, अल्कोहोलमधल्या पोटॅशबरोबर कंडेन्सर लावून उकळतात, थंड करून ॲसिड घालतात, ईथरमध्ये मेदाम्लं ओढून घेतात, ईथर उडवून टाकतात आणि राहिलेल्या मेदाम्लांवर ब्युरेटमधून थेंबथेंब सोडा सोडतात. पिवळा रंग निळ्याकडे वळला की ब्युरेटवरचं माप वाचायचं. ताई तो शेवटचा थेंब सोडताना श्वास रोखतात. सत्तावीस वर्षांनंतरही.

ही पद्धत १९४९ची, जे. एच. व्हान द कामर या डच जीवरसायनशास्त्रज्ञाची. तिची जन्मकथा मला ताईंनीच सांगितली आणि नंतर मी ती पडताळून पाहिली. हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या वॉर्डात पोट फुगलेली, हातपाय काड्यांसारखे झालेली मुलं असत, खाल्लेलं अंगाला न लागणारी. गहू बंद केला की ही मुलं सुधारतात, असं डिके यांना युद्धाच्या आधीपासूनच दिसू लागलं होतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि लोक उपासमारीनं मरत असताना यातली काही मुलं सावरली. पण दिसणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. गहू दिला की मुलाच्या पोटातून किती चरबी वाया जाते आणि गहू बंद केला की किती, हे आकड्यात दाखवायला हवं होतं. व्हान द कामर यांनी तो आकडा मिळवून दिला. आज सीलिअॅक म्हणून जो आजार ओळखला जातो त्यात गव्हाचा हात आहे, हे असं मुलांच्या मळातली चरबी मोजून कळलं.

ताईंच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर एकच ओळ आहे: रोज १०० ग्रॅम चरबी खाणाऱ्या निरोगी माणसाच्या मळात दिवसाला सात ग्रॅमपेक्षा कमी. त्या खोलीत सगळं याच ओळीभोवती फिरतं. सात ग्रॅम. दीड चमचा तूप. शंभर ग्रॅम आत गेली तर सातच्या आत बाहेर, आणि या सातातही सगळी जेवणातली नसते. आतड्यातल्या जिवाणूंची, झडलेल्या पेशींची मिळून दोन-तीन ग्रॅम तशीही येतेच, उपवास केला तरी. शरीर चरबी सोडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उपासमार पाहिलेलं ते शरीर आहे, हाताशी आलेलं तूप ते असं कसं जाऊ देईल?

"सातच्या आत असला की मला बरं वाटतं," ताई म्हणाल्या. "वर गेला की माणूस आजारी."

कॅल्शियमचं मी विचारलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ट्रेनिंगला आलेल्या मुलीला म्हणाल्या, "अगं, ती सुदानची स्लाइड लाव यांना दाखवायला."

जो क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो तो हा. सुदान तीन हा चरबीला रंगवणारा रंग आहे, नारिंगी-तांबडा. पहिल्या काचपट्टीवर नमुन्याचा ठिपका, अल्कोहोल, रंगाचे दोन थेंब. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर भुसा, तंतू, काही चौकोनी स्फटिक, आणि नारिंगी असं जवळजवळ काहीच नाही. मग त्याच नमुन्याचा ठिपका दुसऱ्या काचपट्टीवर. या वेळी तिनं त्यात ग्लेशिअल ॲसेटिक ॲसिड घातलं, वर रंग सोडला, कव्हरस्लिप ठेवली आणि पट्टी बर्नरच्या ज्योतीवरून दोन-तीनदा अलगद फिरवली, उकळू न देता. "लगेच बघा, गार झाली की जातं," ती म्हणाली.

मी पाहिलं. नारिंगी थेंब. आधी जिथं काही नव्हतं तिथं लहान लहान, गोल, चकाकणारे थेंब; काही एकमेकांना भिडून मोठे होत होते. मी डोळा लावून बसले तेवढ्यात पट्टी गार झाली आणि थेंबांच्या कडा खरखरीत होऊ लागल्या.

"हे कुठून आले?"

"होतेच," मागून ताई म्हणाल्या. "साबण होऊन बसले होते."

त्या दिवशी तळमजल्यावरची टाकी साफ करत होते म्हणून टँकरचं पाणी आलं होतं. मामा मोरीत फ्लास्क घासत होते आणि साबणाला फेस येत नव्हता. पांढरट चिकट साय काचेवर बसत होती. ताईंनी मला तिथं नेलं आणि बोटानं ती साय निपटून दाखवली. "हेच. पोटात हेच होतं."

त्या बीड जिल्ह्यातल्या. त्यांच्या गावच्या बोअरचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजायची नाही, कपड्यांना साबण लागायचा नाही. आजी रिठे भिजत घालायची, कारण रिठ्याला त्याही पाण्यात फेस यायचा. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि कारणही दिलेलं असतं: पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लाला पकडतं, आणि न विरघळणारा साका तयार होतो. मुंबईच्या नळाला तलावांचं पाणी येतं, ते हलकं, म्हणून इथं वाढलेल्या माझ्यासारखीला ही साय नवी. मराठवाड्यातल्या बाईनं ती आयुष्यभर दगडावर घासली आहे.

आतड्यात घडतं ते असं. जेवणातलं तूप-तेल लहान आतड्यात आलं की स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर त्याचे तुकडे करतं. प्रत्येक रेणूतून दोन मेदाम्लं सुटी होतात. पित्त त्यांना पाण्यात मिसळण्याजोगं करतं आणि आतड्याची भिंत ती आत घेते. या वाटेवर कॅल्शियम भरपूर असेल तर एकेक कॅल्शियम दोन-दोन मेदाम्लांना धरतं आणि कॅल्शियमचा साबण होतो. तो ना पाण्यात विरघळत, ना अंगाच्या उबेनं वितळत. आतड्याची भिंत त्याला घेत नाही. तुपात, डालड्यात, मांसात जी घट्ट चरबी असते, तिची मेदाम्लं या साबणात जास्त सापडतात. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून पित्ताम्लांनाही अडकवतात, त्यामुळं राहिलेली चरबी मिसळण्यातही अडथळा येतो. माझ्या बहिणीला जिममध्ये जे सांगितलं गेलं त्याचा पहिला भाग असा खरा आहे. मी तिथं शंका घेऊन गेले होते. ते नारिंगी थेंब पाहिल्यावर त्या शंकेचा अर्धा भाग मला मागं घ्यावा लागला.

राहिलेला अर्धा भाग आकड्यांचा.

कोपनहेगनमध्ये आर्ने आस्ट्रूप यांच्या गटानं २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा माणसं, तीन वेगवेगळे आहार, प्रत्येक आहार एक आठवडा. एका आहारात दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुसऱ्यात प्रथिनं तेवढीच ठेवून कॅल्शियम १८००. तिथल्या कुणीतरी, ताईंसारखंच, या दहा जणांचे डबे उघडले असणार, एकजीव केले असणार. कमी कॅल्शियमच्या आठवड्यात चरबी निघाली दिवसाला ६ ग्रॅम. जास्त कॅल्शियमच्या आठवड्यात १४.२.

मी हा आकडा ताईंना सांगितला तेव्हा त्यांनी हातातला पिपेट खाली ठेवला. "चौदा? बऱ्या माणसाला?" त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. सात ग्रॅम. ठणठणीत माणसं आठवडाभर दूधदुभतं जास्त खाऊन त्या रेषेच्या दुप्पट गेली होती.

पण त्याच प्रयोगात तिसरा आहारही होता. कॅल्शियम १८००च, फक्त प्रथिनं वाढवलेली. त्या आठवड्यात आकडा ५.९. म्हणजे पुन्हा सातच्या आत. तेवढंच कॅल्शियम, आणि परिणाम दिसेनासा. पुढं २००९मध्ये या गटानं अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला: दुधातलं कॅल्शियम दिवसाला १२४१ मिलिग्रॅमनं वाढवलं तर मळातली चरबी सरासरी ५.२ ग्रॅमनं वाढते.

हे ५.२ मी घरी कागदावर मांडलं. एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, म्हणजे सत्तेचाळीस कॅलरी. एक पोळी मोडून अर्धी ठेवली की तेवढ्या वाचतात. आणि १२४१ मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून मिळवायचं तर रोज साधारण लिटरभर दूध प्यायला हवं. आपल्याकडच्या टोन्ड दुधात तीन टक्के चरबी असते, म्हणजे लिटरमागं तीस ग्रॅम. पाच ग्रॅम घालवण्यासाठी तीस ग्रॅम आत घ्यायची. साय पूर्ण काढलेलं दूध प्यायलं तरी लिटरभरात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी येतातच. दूध आपल्या जेवणात दुसऱ्या कशाच्या जागी आलं तर ठीक. जेवणावर जास्तीचं आलं तर हिशेब उलटा बसतो.

आणि तरीही ५.२ गुणिले ३६५ केलं की वर्षाला १.९ किलो येतात. या गुणाकारानंच घात केला आहे. कागदावर तो अचूक आहे, आणि शरीर कागदाप्रमाणं वागत नाही. थोडं कमी मिळालं तर भूक किंचित वाढते, चार घास जास्त जातात, खर्च थोडा आखडला जातो.

कॅल्शियमनं वजन उतरतं या कल्पनेला हवा मिळाली २००० सालाच्या सुमारास. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातले मायकेल झेमेल रक्तदाबावर काम करत होते. त्यांनी लठ्ठ आफ्रिकन-अमेरिकन लोकांना वर्षभर रोज दोन कप दही जास्त दिलं आणि त्यांच्या अंगातली चरबी सरासरी ४.९ किलोनं कमी झालेली आढळली. २००४मध्ये त्यांनी ३२ लठ्ठ माणसांना चोवीस आठवडे रोज ५०० कॅलरी कमी दिल्या. नुसत्या कमी जेवणानं वजन ६.४ टक्के उतरलं, गोळ्यांतून कॅल्शियम दिलेल्यांचं ८.६ टक्के आणि दूधदुभतं जास्त दिलेल्यांचं १०.९ टक्के. आकडे लखलखीत होते. तिथल्या दूध उद्योगानं ते जाहिरातींत उचलले: दूध प्या, वजन घटवा. नंतर इतरांच्या चाचण्यांत तसं दिसेना. २००७मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं लक्ष घातलं आणि त्या जाहिराती थांबल्या.

आणि मग २००९. बेथेस्डा इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये जॅक यानोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी ३४० जास्त वजनाच्या माणसांवर दोन वर्षं चाचणी केली. निम्म्यांना जेवणाबरोबर कॅल्शियम, निम्म्यांना तशीच दिसणारी निव्वळ गोळी. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता. चरबीतही नव्हता. कॅल्शियमचं प्रमाण होतं दिवसाला १५०० मिलिग्रॅम.

माझी बहीण घेत होती तेवढंच, तसंच, जेवणाबरोबर.

या सगळ्यापेक्षा मला जास्त शिकवलं ते एका मुलानं. चौथ्या दिवशी सकाळी तो काउंटरवर उभा होता, पायाशी थर्मोकोलचा खोका. चोवीस-पंचवीसचा असेल, पनवेलपुढच्या गावाहून पहिली लोकल धरून आलेला. तीन खोल्यांत मिळून एक संडास, घरी फ्रीज नाही. तीन दिवस त्यानं मासळीवाल्या काकूंकडून बर्फ आणला आणि शेजाऱ्यांना सांगितलं की खोक्यात इंजेक्शनं आहेत. मामांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण तपासलं आणि म्हणाले, "व्यवस्थित आणलास रे." एवढ्यानं त्या मुलाचा चेहरा सैल झाला. त्या खोलीतल्या माणसांनी एवढ्या वर्षांत एकदाही नाक मुरडलेलं नाही, याची मला खात्री आहे.

त्याच्या पट्ट्याला खिळा तापवून पाडलेली चार नवी भोकं होती. चाचणीआधी तीन दिवस आणि चाचणीचे तीन दिवस रोज १०० ग्रॅम चरबी खावी लागते. ताईंनी त्यासाठी मराठीत एक तक्ता करून ठेवला आहे, आणि तूप परवडत नसेल त्यांच्यासाठी त्यात शेंगदाण्याच्या कुटाचं मापही दिलं आहे. त्यानं सगळं तक्त्याप्रमाणं खाल्लं होतं.

"खातो हो मी सगळं," तो म्हणाला. "अंगाला लागत नाही."

माझी बहीण चार महिने गोळ्या घेऊन जे मागत होती ते या मुलाच्या शरीरात रोज घडत होतं. जेवण आत जात होतं आणि चरबी बाहेर पडत होती. ताईंनी संध्याकाळी ब्युरेट वाचला, हिशेब केला, पुन्हा केला. १९.४. भिंतीवर सात.

चरबी अशी जाते तेव्हा ती एकटी जात नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीतच विरघळतात, ती तिच्याबरोबर जातात. आणि आतड्यात मेदाम्लं तुंबली की ती समोर येईल त्या कॅल्शियमला साबणात ओढतात. ड जीवनसत्त्वही नाही आणि कॅल्शियमही नाही, मग हाडं विरळ होतात. एरवी हेच कॅल्शियम पालेभाज्यांतल्या ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. ते साबणात अडकलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे धरतं. त्या मुलाला वर्षापूर्वी मुतखडा झाला होता. कुठून आला हे तेव्हा कुणालाच उमगलं नव्हतं.

मोरीतल्या सायीसारखा हा साबण आणखीही कुठंकुठं भेटतो. डब्याचं दूध पिणाऱ्या बाळाला खडा होतो तेव्हा बरेचदा त्यात कॅल्शियमचा साबण असतो, कारण पामतेलातलं पामिटिक आम्ल आईच्या दुधातल्यापेक्षा वेगळ्या जागी जोडलेलं असतं आणि चटकन सुटं होतं. आणि आपल्याकडचे गोठेवाले जास्त दुधाच्या गाईला जी बायपास फॅट घालतात, ती बहुतेक वेळा कॅल्शियमचा साबणच. तो गाईच्या पहिल्या पोटातून न विरघळता पुढं सरकतो, चौथ्या पोटातल्या ॲसिडमध्ये फुटतो आणि चरबी मोकळी होऊन गाईच्या अंगाला लागते. आमच्या स्लाइडवर ॲसिड घातल्यावर उमटले तेच नारिंगी थेंब. म्हणजे एकच साबण गाईला तूप पोचवतो आणि माणसाचं थोडं तूप अडवतो. सगळं ॲसिड कुठं भेटतं यावर.

ताईंच्या खोलीत आता महिन्याला तीन-चारच डबे येतात. स्वादुपिंडाच्या तक्रारीसाठी डॉक्टर इलास्टेजची चाचणी मागवतात. तिला बोटभर नमुना पुरतो, बर्फ लागत नाही, तुपाचा तक्ताही लागत नाही. पेशंटच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे आणि ताईही तसंच म्हणतात. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील. ब्युरेट वाचायला त्यांनी त्या ट्रेनिंगच्या मुलीला शिकवलं आहे.

बहिणीला मी सगळं सांगितलं, तिन्ही आकड्यांसकट: ५.२, ३४०, शून्य. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे चार महिने वाया." डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं; लोहाची गोळीही ती जेवणानंतर, कॅल्शियमसोबतच घेत होती, आणि कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. आता लोह वेगळ्या वेळी, कॅल्शियमची गोळी बंद. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, वाटीभर दह्यात दीडदोनशे, तिळाच्या चटणीत त्याहूनही पुष्कळ. हाडांना ते हवंच. वजनासाठी कुणी तुम्हाला कॅल्शियमच्या गोळ्या सांगत असेल तर ऐकू नका, आणि घेत असाल तर डॉक्टरांना विचारून थांबवा.

त्या मुलाच्या स्वादुपिंडाला जुनी सूज निघाली. जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. दोन महिन्यांनी त्यानं पुन्हा डबा आणला, पुन्हा मासळीवाल्या काकूंचा बर्फ. या खेपेचा आकडा ९.८ आहे. अजून सातच्या वर.